माथ्यावरचा हक्क

परक्या समाजाची केशरचना आपल्या माथ्यावर धारण करणे हा त्या समाजाविषयीच्या आदराचा उद्गार मानावा की त्याच्या ठेव्यावर घातलेला घाला, हा वाद अमेरिकेच्या आणि युरोपच्या नगरांतून निघून आता आपल्या महाविद्यालयांच्या आवारापर्यंत येऊन पोहोचला आहे. आणि पनवेलसारख्या गावातही, आफ्रिकी धाटणीच्या बारीक बारीक वेण्या घालून किंवा केसांच्या जटा वळवून घेऊन हिंडणारी तरुण मुले दिसू लागल्यापासून, घरोघरच्या वडीलधाऱ्यांना आणि त्या मुलांच्या मित्रमंडळींनाही, निरनिराळ्या कारणांनी का होईना, या गोष्टीचा विचार करणे भाग पडले आहे. या वादात भाग घेणारे बहुतेक जण हा प्रश्न आजचा आणि परदेशचा आहे अशा समजुतीने बोलतात. वस्तुतः कोकणच्या या किनारपट्टीने तो निदान तीनशे वर्षे भोगलेला आहे, आणि येथील माणसांनी त्याला दिलेली उत्तरेही इतिहासात नमूद आहेत. ती उत्तरे एकत्र पाहावीत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गाढी नदीच्या खाडीवर वसलेले पनवेल हे एके काळी मुंबई आणि देश यांना जोडणारे बंदर होते. मुंबईहून मचव्यात बसलेला प्रवासी भरतीच्या पाण्याबरोबर येथे उतरे आणि येथून बोरघाटाची वाट धरी. १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, त्या घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलच्या बैलगाड्यांना व येथे घडविल्या जाणाऱ्या चाकांना दूरवर गिऱ्हाईक मिळू लागले. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, ती महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक. अशा या राबत्या पेठेत नाना जातिधर्मांची माथी बाजाराच्या दिवशी शेजारी शेजारी दिसत, आणि त्या काळात माणसाचे माथे वाचता येणाऱ्याला त्याची जात, त्याचा धर्म, पुष्कळदा त्याचा धंदा आणि त्याच्या घरचे सुतक-सोयर यांचाही पत्ता लागे. पगडीखालची शेंडी आणि तिच्याभोवतीचा घेरा, कोकणी मुसलमानाचे गोटा केलेले डोके आणि राखलेली दाढी, सुवासिनीचा फुले माळलेला खोपा आणि विधवेचा अलवणाखाली झाकलेला मुंडित माथा, ही सारी जणू सरकारी दप्तरातील नोंदींसारखी उघड्यावर मांडलेली असत.

या माथ्यांमध्ये एक माथे असे होते की ज्याच्याकडे या विषयाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. अलिबाग, पेण, रोहे, पनवेल या टापूत शतकानुशतके नांदलेल्या बेने इस्रायल समाजाचे पनवेलातील प्रार्थनामंदिर ‘बेथ एल’ हे १८४९ सालचे. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची घरभाषा मराठी, आडनावे किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली, स्त्रियांच्या अंगावर लुगडे, हातांत काचेच्या बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत या समाजातील पुरुषांच्या डोक्याचे वर्णन येते, ते असे की ते शेजाऱ्यांप्रमाणेच डोक्याची हजामत करवीत, परंतु दोन्ही कानांवर केसांचे एकेक झुलूप राखीत. कानशिलांजवळचे केस उतरवू नयेत ही आज्ञा त्यांच्या धर्मग्रंथातली. बाकीचे डोके तुळतुळीत करण्याची रीत मात्र कोकणची. देशोदेशीच्या पंडितांनी आदर आणि अपहार यांवर कितीही ग्रंथ लिहिले तरी एकाच माथ्यावर स्वतःचे आणि शेजाऱ्याचे इतक्या सहजपणे एकत्र नांदल्याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. शेजाऱ्याची रीत त्यांनी उचलली ती कोणाची परवानगी मागून नव्हे, आणि शेजाऱ्यानेही ती आपल्या मालकीची म्हणून कधी परत मागितली नाही; कारण ती उचलताना त्यांनी त्याला काही उणे आणले नव्हते, आणि कानांवरचे झुलूप राखून आपले स्वत्वही सोडले नव्हते.

हे ज्याच्या हातून घडे त्या नाभिकाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. बारा बलुतेदारांपैकी एक असलेला हा कारागीर काखेत धोकटी मारून आळीआळीने फिरे. त्या धोकटीत वस्तरा, कातर, नखे काढायची नराणी, पाण्याची वाटी, लहानसा आरसा आणि धार लावायची चामड्याची पट्टी एवढेच सामान असे. परंतु कोणाच्या शेंडीभोवती घेरा किती राखायचा, कोणाच्या कानावरच्या केसांना वस्तरा लावायचा नाही, कोणाची मिशी कोणत्या प्रसंगी उतरवायची, याचे शास्त्र त्याच्या बोटांत असे. मूल जन्मले की त्याचे जावळ काढायलाही त्यालाच बोलावणे जाई. हिंदूंच्या घरी ते कुळाचाराप्रमाणे निघे; मुसलमानांच्या घरी अकिक्याच्या वेळी बाळाचे केस उतरवून त्यांच्या वजनाइतकी चांदी दान करण्याची रीत; आणि बेने इस्रायलांत नवसाने झालेल्या मुलाच्या केसांना काही वर्षे कातर न लावता ते वाढू देत, आणि मग ते उतरवून त्यांच्या भारंभार नाणी धर्मादायाला देत. तिन्ही घरच्या मंडळींना विचारले असते तर प्रत्येकाने आपापल्या धर्मग्रंथाचा किंवा परंपरेचा आधार दाखविला असता, आणि तो खराच ठरला असता. कोणी कोणापासून काय घेतले याचा निवाडा करण्याची गरज या गावात कधी भासली नाही. एकमेकांच्या घरचे पेढे मात्र पोहोचत राहिले.

परंतु या चित्रावर थांबलो तर ती इतिहासाशी प्रतारणा होईल. तीन धर्मांच्या बाळांचे जावळ काढणारा वस्तरा गावकुसाबाहेरच्या माणसाच्या माथ्याला लागत नसे. साताऱ्यात शिकत असलेल्या लहानग्या भीमराव आंबेडकरांचे केस त्यांच्या थोरल्या बहिणीला घरीच कापावे लागत, कारण एकही न्हावी त्यांना हात लावायला तयार नव्हता; ही हकीकत त्यांच्या चरित्रातून सर्वश्रुत आहे. आणि यात दोष एकट्या न्हाव्याचा नव्हे, कारण त्याने असा माथा भादरला असता तर उरलेल्या गावाने त्याचे बलुते बंद केले असते. पेठेतली देवघेव मोकळी होती ती पेठेत ज्यांना बसू दिले जाई त्यांच्यापुरतीच.

वेश आणि केश यांवर सत्तेचा पहारा असे याचे दाखले किती द्यावेत! १७७९ साली मुंबईतील ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने, पुण्याच्या दरबाराच्या सांगण्यावरून, सोनार जातीने ‘नमस्कार’ हा अभिवादनाचा प्रकार वापरू नये असा हुकूम काढला. त्याच झगड्यात सोनारांनी ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसावे की नाही हाही तंट्याचा विषय होता. खालच्याने वरच्याची रीत उचलली तर तो अपराध, आणि अपराधाचा बंदोबस्त करायला इंग्रज आणि मराठे एकत्र! इकडे गोव्यात पोर्तुगीज सरकारने १७०४ पासून हिंदू प्रजेवर शेंडीकर बसविला होता, तो १८४० साली उठला. म्हणजे आपल्याच डोक्यावरचे आपलेच केस राखण्यासाठी तेथील रयत एक शतकाहून अधिक काळ सरकारात पैसे भरीत होती. बाहेरच्या जगातही न्याय हाच. चीनमध्ये मांचू राज्यकर्त्यांनी १६४५ साली पुढचे डोके भादरून मागे वेणी सोडण्याची सक्ती जितांवर केली, आणि न करणाऱ्याला देहदंड होता. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात १७८६ साली स्पॅनिश गव्हर्नराने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी आपले केस फडक्याखाली झाकावेत असा आदेश काढला, कारण त्यांच्या केशरचनेची शोभा गोऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांत सलत होती.

आपल्याकडे या सक्तीचे सर्वांत क्रूर रूप ब्राह्मण आणि तत्सम उच्चवर्णीय घरांतील केशवपन हे होते, आणि त्याविषयी थोडे थांबूनच लिहिले पाहिजे. ज्या मुलीच्या केसांना तिच्या आईने वर्षानुवर्षे तेल घातले, शिकेकाईने न्हाऊ घातले, फणीने गुंता सोडवून, मधोमध भांग काढून, आगवळाने बांधून त्यांचा खोपा घातला आणि वर सोन्याची मूद, राखडी, केतक यांचा साज चढविला, त्याच मुलीला, नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो मेला म्हणून, न्हाव्यापुढे बसावे लागे, आणि पुढे आयुष्यभर ठरावीक दिवसांनी बसत राहावे लागे. हे काम नाभिकाच्या हातून करवून घेतले जाई आणि पापाचे खापरही त्याच्याच माथी फुटे. म्हणून १८९० साली मुंबईत जे घडले ते मला फार मोलाचे वाटते. गिरणी कामगारांचे पुढारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक, जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असा निर्धार केला. आगरकर ‘सुधारका’तून युक्तिवाद करीत होते, पंडिता रमाबाईंनी आदल्याच वर्षी शारदा सदन काढले होते, पण ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवणे ही गोष्ट वेगळ्याच तोलाची होती. स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडून दुसऱ्या, आपल्याहून वरच्या मानल्या गेलेल्या जातीच्या स्त्रियांच्या माथ्यावरचा हक्क त्यांनी मान्य केला. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत या सभेला मानाचे पान मिळाले पाहिजे.

आता आपल्याच जिल्ह्यातील घटनेकडे येतो. पनवेलहून निघणारा गोव्याचा महामार्ग सव्वाशे किलोमीटरांच्या आतबाहेर महाडला पोहोचतो. तेथे भरलेल्या परिषदेत २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या परिषदेच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले त्याची आठवण मात्र तितकी काढली जात नाही. अस्पृश्य म्हणून दुरूनच ओळखू यावे अशा बेताने ठरून गेलेली लुगड्याची आखूड नेसण, गळ्यातल्या गलसऱ्यांचे ओझे, कोपरापर्यंत चढविलेले कथलाचे वा चांदीचे दागिने, या खुणा टाकून द्या आणि वरच्या म्हणविणाऱ्या स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, असा त्या उपदेशाचा आशय होता. सभेनंतर लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे या सवर्ण स्त्रियांनी पुढे होऊन या भगिनींना लुगडे घोळदार नेसायला शिकविले, आणि दुसऱ्या दिवशी त्या स्त्रिया नव्या नेसणीने वावरू लागल्या. येथे प्रश्न केसांचा नव्हता, वेशाचा होता. तरी न्याय तोच. दुसऱ्या समाजाची रीत एका समाजाने, ठरवून, एका रात्रीत उचलली, आणि त्यात कोणाचा अपहार नव्हता, केवळ अनुकरणही नव्हते. जी रीत १७७९ मध्ये हुकमाने नाकारली गेली असती ती १९२७ मध्ये हक्काने घेतली गेली. ज्यांच्याकडून ती घेतली त्यांच्यापैकी दोघींनी स्वतः ती शिकवावी, यात त्या दोघींचेही मोठेपण आहे. केवळ उसनवारीला दोष देणाऱ्यांनी महाडच्या या रात्रीचा विचार करावा अशी माझी त्यांना विनंती आहे.

रंगभूमीने केलेल्या उसनवारीविषयी थोडक्यात सांगतो. बालगंधर्व स्त्रीभूमिकेत ज्या तऱ्हेने केस बांधीत, गजरा माळीत आणि शालू नेसत, तिचे अनुकरण पुण्यामुंबईच्या कुलीन घरांतील स्त्रिया करू लागल्या. एका पुरुषाने स्त्रियांकडून घेतले, त्यावर आपल्या प्रतिभेचा संस्कार केला आणि स्त्रियांनी ते त्याच्याकडून परत घेतले, इतकी ही देवघेव निर्मळ होती.

यानंतर उरतो तो विषय ज्याच्यासाठी एवढी प्रस्तावना केली, तो म्हणजे जट. अमेरिकेत आज जो कलह आहे तो मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या जटांवरून आणि वेण्यांवरून आहे. जमैकातील रास्ताफारी पंथाने गेल्या शतकात जटांना आपल्या श्रद्धेचे आणि स्वाभिमानाचे चिन्ह केले; पण त्याच केसांमुळे कृष्णवर्णीय मुलामुलींना शाळांतून परत पाठविले जाई, उमेदवारांना नोकऱ्या नाकारल्या जात, आणि हे थांबवायला कॅलिफोर्निया राज्याला २०१९ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या केसांपायी एकाला नोकरी गमवावी लागते तेच केस दुसऱ्याने हौसेने मिरवावेत आणि त्याचे कौतुक व्हावे, हा त्या समाजाच्या जिवाला लागलेला घाव आहे. आणि तो समजून न घेता, ‘केस तर केस, त्यात काय एवढे’ असे म्हणणारा माणूस आपल्याच देशातील शेंडीकर विसरलेला असतो.

परंतु महाराष्ट्रात जटेचा अर्थ आणखी निराळा आणि आणखी दुःखद आहे. गरीब घरातील एखाद्या मुलीच्या केसांची निगा राहत नाही, गुंता वाढतो, तेल, घाम आणि धूळ बसून त्याचा घट्ट दोरखंड होतो, आणि कोणीतरी सांगते की ही यल्लम्माची जट आहे, देवीने बोलावणे धाडले आहे. त्या घटकेपासून त्या केसांना फणी लावायची नाही, कातर तर दूरच. उलट हळदकुंकू वाहायचे. मुलगी मोठी होत जाते, जट लांबत जाते, तिच्या भाराने मान अवघडते, उशीवर डोके नीट टेकवत नाही, ओल राहून दुर्गंधी सुटते, उवा होतात; आणि पूर्वी तर अशा मुलीला सौंदत्तीला नेऊन देवीला सोडीत, मग तिचे पुढे काय होई ते सांगण्याची आवश्यकता नाही. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला. कायदे झाले तरी भीती राहिली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जटनिर्मूलनाचे काम चिकाटीने चालविले. व्यवसायाने सौंदर्यप्रसाधिका असल्याने कातरीवर हात बसलेल्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो स्त्रियांची जट आपल्या हातांनी सोडविली आहे. हे काम वाटते तितके सोपे नसते. आधी घरच्यांची समजूत घालावी लागते, जट कापल्यावर देवीचा कोप होणार नाही याची जणू हमी द्यावी लागते, आणि मग डोक्याच्या कातड्याला इजा होऊ न देता तो कठीण झालेला गुंता थोडा थोडा कापावा लागतो. डोके हलके झाल्यावर त्या बाईचा हात आपोआप मागे मानेकडे जातो आणि जिथे जट होती ती जागा ती पुन्हा पुन्हा चाचपून पाहते.

एकीकडे ही बाई आणि दुसरीकडे पैसे मोजून, तासन्‌तास खुर्चीवर बसून जट वळवून घेणारा तरुण. त्या तरुणाला मी चोर म्हणणार नाही. त्याला कोणाचे मन दुखवायचे नसते आणि सौंदर्याची ओढ हा काही गुन्हा नव्हे. मात्र त्याने आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट स्वतःला विचारली पाहिजे: ज्याच्याकडून ही रचना मी घेतली, त्याला ती ठेवण्याची आणि उतरविण्याची मोकळीक आज आहे का? पनवेलच्या पेठेत बेने इस्रायलांनी घेतले आणि कोणाला डाचले नाही, कारण ज्यांची रीत घेतली त्यांना तिच्यापायी काही सोसावे लागत नव्हते. महाडला स्त्रियांनी घेतले, आणि ते घेणे हीच त्यांची मुक्ती होती. उलट, ज्या खुणेपायी एखादी स्त्री अजून मान वाकवून चालते आहे, ती खूण तिचे दुःख ठाऊक असताना हौसेखातर मिरविणे मला असभ्यपणाचे वाटते. आणि ठाऊक नसेल तर ते ठाऊक करून घेण्याची जबाबदारी मिरविणाऱ्यावरच आहे, सोसणाऱ्यावर नाही.

शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आणि लग्नांच्या हळदींतून आगरी-कोळी वेश, त्यांचा अंबाडा आणि त्यावरची फुलांची वेणी सध्या फार लोकप्रिय झाली आहे. पनवेल, उरण आणि पेण भागातल्या गावांत त्या रीतीने केस बांधणाऱ्या स्त्रिया आजही हाकेच्या अंतरावर आहेत. तयार टोप आणि कागदी फुले विकत आणण्यापेक्षा त्यांच्यापैकी एखादीला मानाने बोलवावे, तिच्याकडून मुलींना ते शिकवावे आणि तिच्या हाताचे मोल रोख द्यावे, असे मी शिक्षकांना आणि पालकांना सुचवीन. आणि वाचकांपैकी कोणाच्या आळीत, वाडीवर किंवा कामाला येणाऱ्या बाईच्या घरी, एखाद्या मुलीच्या डोक्यात जट धरलेली दिसली, तर तिची छायाचित्रे काढीत न बसता किंवा देवीचे म्हणून हात न जोडता, तिच्या आईशी बोलावे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जवळच्या शाखेला त्याच दिवशी कळवावे.